कातालिनो मागे का सरकतो

३ सप्टेंबर, इपाने

आज सकाळी राष्ट्रीय संघाच्या छावणीत नव्या प्रशिक्षकाने फळ्यावर तीन ठिपके काढले आणि म्हणाला, "हे आपले बचावपटू." मी, त्याचा सहायक, चौथ्या ठिपक्याची वाट पाहत बसलो. तो आलाच नाही.

गास्पार इतुर्रा. चिलीचा. वय एक्केचाळीस, म्हणजे मी पॅराग्वेच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांत पहिल्यांदा उतरलो तेव्हा हे महाशय पाळण्यात होते. त्याची रचना अशी: तीन मागे, चार मध्ये, तीन पुढे. बरं, ते मागचे तिघे तरी मागे असावेत? नाही! त्यांनी मध्यरेषेपर्यंत चढायचं. समोरचा लांब पास देणार असं दिसलं, की तिघांनी एकदम चार पावलं पुढे टाकायची. त्यांचे आघाडीवाले आमच्या पाठीमागे उरतात, ऑफसाइड ठरतात, लाइनमनचं निशाण वर जातं, काम झालं. कागदावर फार सुंदर. कागदावर मीही अजून पंचविशीत आहे.

"आणि एखादा मागे राहिला तर?" मी विचारलं.

"तर सगळंच बिघडलं, मास्तर. म्हणून कोणी राहायचं नाही."

"प्रोफे," मी म्हटलं, आमच्याकडे प्रशिक्षकाला असंच म्हणतात, "आपल्या गोलरक्षकासमोर चाळीस मीटर मोकळं रान उरतं. तिथे गाई सोडायच्या का चरायला?"

पोरं खो खो हसली. तोही हसला. ही माणसं हसतात तेव्हाच मला त्यांची भीती वाटते.

पॅराग्वे कसा खेळतो हे या देशातल्या रस्त्यावर चिपा, म्हणजे चीजचे पाव, विकणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. चार मागे, त्यांच्या पुढे चार, दोन ओळींत दहा पावलांचं अंतर. समोरच्याला दमू द्यायचं, चिडू द्यायचं. मग एक कॉर्नर, एक उडी, एक डोकं. एक-शून्य. याला लोक भित्रेपणा म्हणतात. दोन राक्षसी शेजाऱ्यांच्या मधोमध झोपडी बांधून दोनशे वर्षं जगून दाखवा आणि मग मला भित्रा म्हणा.

सराव संपल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "मैदानात मुलं स्पॅनिश सोडून तुमच्या ग्वारानी भाषेत बोलतात. समोरच्याला कळत नाही हे बरंच आहे, पण मलाही कळत नाही. मी सांगेन ते तुम्ही बाकाजवळून ग्वारानीत ओरडायचं. तुमच्यासारखा आवाज देशात दुसरा नाही म्हणतात."

मी हो म्हणालो. खरं लिहायचं तर खूश झालो.

तीन सामने उरलेत. वर्ल्ड कपला जायचं तर चार गुण हवेत. आणि मला ते देशासाठी हवेत, तसेच एका माणसासाठीही हवेत. कातालिनो फ्रेतेस, आमचा कप्तान, मधला बचावपटू, वय चौतीस. कारापेगुआ गावात मी मास्तर होतो त्या शाळेत अकराव्या वर्षी माझ्या हाताखाली आला, पायात चप्पलसुद्धा नव्हती. दोन वर्ल्ड कप त्याने टीव्हीवर पाहिले, एकदा गुडघा गेला, एकदा यादीतून नाव गेलं. तिसऱ्यांदा टीव्हीवर पाहिला तर चौथा नाही.

९ सप्टेंबर, असुन्सिऑन

हरलो. घरच्या मैदानात, इक्वेडोरकडून, दोन-एक.

दोन्ही गोल एकाच छापाचे. इतुर्रा ओरडला, "पुढे!" मी ग्वारानीत ओरडलो, "पुढे!" निरोप्या म्हणून माझं काम मी चोख केलं. पण त्यांचा तो हरणासारखा आघाडीवाला वळलेला मला दिसला, आणि डोळ्यांदेखत घर जळत असताना कोणी गप्प बसतो का? मी कातालिनोला नावाने हाक मारून सांगितलं, मागे ये. तेवढंच. एका माणसाला एक सावधगिरीचा शब्द.

आणि पाहा काय झालं! बाकीचे दोघे शहाणे त्या चिलीवाल्याच्या नादाने पुढे पळाले. मागे एकटा कातालिनो. निशाण उठलं नाही. एकटा माणूस दोघांना कसा अडवणार? गोल. उत्तरार्धात पुन्हा तेच.

अकरा जणांत एकालाच अक्कल होती आणि त्यालाच एकटं पाडलं. ही ती रचना!

१० सप्टेंबर

घसा बसलाय. माझ्या बायकोने, पोर्फिरियाने, तेरेरेत, म्हणजे आमच्या त्या थंड पाल्याच्या काढ्यात, आलं नि पुदिना कुटून घातला. म्हणाली, "टीव्हीवर काल तुमचाच आवाज येत होता. सामन्याचं वर्णन करणारा बिचारा मध्येच थांबायचा." मी म्हटलं, देशासाठी घसा गेला तर गेला. ती म्हणाली, "देशाचं जाऊ दे, तुमच्या आवाजाने आपला कुत्रा पलंगाखाली गेला."

चाळीस वर्षांच्या संसारात हिने माझं एकही भाषण शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.

२२ सप्टेंबर, इपाने

आजचा दिवस मी कोणालाही वाया घालवू देत नाही. कुरुपायतीच्या लढाईचा दिवस. इतुर्राची परवानगी काढली आणि सरावाआधी लापाचोच्या झाडाखाली पोरांना बसवलं. गवतावर गुलाबी फुलांचा सडा, तेरेरेचं भांडं हातोहात फिरतंय, आणि मी उभा.

म्हटलं, तीन देश चालून आले होते. त्यांच्याकडे तोफा, जहाजं, बँडबाजासुद्धा. आपल्याकडे काय? एक खंदक. आपली माणसं खंदकात बसून राहिली, पुढे धावली नाहीत, आणि संध्याकाळी हजारो शत्रू चिखलात पडले होते. आपले शंभरही नाहीत! पोरांनो, आपल्या रक्ताला खंदक कळतो. चढाई ही श्रीमंतांची चैन आहे.

टाळ्या पडल्या. दोघांचे डोळे ओले झाले होते, मी पाहिलं.

इतुर्राने कान देऊन ऐकलं. त्याच्या हातात भांडं होतं, थंड पाण्याचा तेरेरे तो अजूनही औषधासारखा पितो. शांतपणे म्हणाला, "सुंदर बोललात, मास्तर. मग युद्ध कोण जिंकलं?"

हरलो आपणच होतो, पण मी म्हणालो, प्रश्न तो नाही. नेमका काय आहे ते सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात कातालिनो मध्येच बोलला. "प्रोफे, आम्हालाही माहीत नाही. मास्तर वर्गात कुरुपायतीपर्यंत शिकवायचे, मग उन्हाळ्याची सुट्टी लागायची."

सगळे हसले. कातालिनोही. शेवटी मीही हसलो. पण आत काहीतरी टोचलं. थट्टा करायचा त्याचा स्वभाव नाही.

८ ऑक्टोबर, माटुरीन, व्हेनेझुएला

एक-एक. एकच गुण. आता शेवटचा सामना जिंकायलाच हवा.

इथला उकाडा म्हणजे ओला कांबळा. पहिला अर्धा तास आम्ही त्यांच्या अर्ध्या मैदानात होतो, खोटं का बोलू. आमचा गोलही इतुर्राच्या पद्धतीनेच झाला, गोलरक्षकापासून आठ पास. मी टाळ्या वाजवल्या. माणूस चुकीच्या रस्त्यानेही एखाद्या दिवशी घरी पोहोचतो.

सत्तराव्या मिनिटाला ते सुटले. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. तीस हजार माणसांच्या कल्लोळातून कातालिनोने माझा शब्द टिपला आणि वळून मागे धावला. एक उजवीकडे, एक डावीकडे, आमचे बाकीचे दोघे वरच. पुन्हा तो एकटा! पुन्हा गोल! मी बाटली जमिनीवर आपटली.

विमानात इतुर्रा कातालिनोशेजारी जाऊन बसला. मी मागच्याच रांगेत होतो.

"कप्तान, तू मागे का सरकतोस? सरावात कधीच सरकत नाहीस."

कातालिनोने खिडकीची झडप खाली ओढली. मग म्हणाला, "पाय जड झालेत, प्रोफे. वय झालं."

मी थक्क झालो. हा पोरगा आजपर्यंत दमलो असं म्हणालेला नाही! त्याच्या तोंडून असलं काही वदवून घेते ती कसली रचना?

२७ ऑक्टोबर, इपाने

कातालिनोला काढलं.

यादी भिंतीवर लावली होती. कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात मधल्या जागी तेवीस वर्षांचा एक लांबट पोरगा. मी थेट इतुर्राच्या खोलीत शिरलो.

"कप्तानाला बाहेर बसवून तुम्ही देशाचा कणा काढलात!"

"तो तीनदा मागे सरकला. तीन गोल झाले. तो स्वतःच सांगतो पाय चालत नाहीत."

"पाय नाही, तुमची पद्धत चालत नाही!"

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्हाला माझी पद्धत आवडत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी तुम्ही माझे शब्द प्रामाणिकपणे पोहोचवता, म्हणून तुमचा मान ठेवतो."

मी दार न आपटता बाहेर पडलो. असं माझं होत नाही. बाहेर आल्यावर दहा उत्तरं सुचली.

२९ ऑक्टोबर

रेडिओवाल्यांचा फोन आला. शनिवारी सकाळी पूर्ण एक तास, मी आणि माइक. नोकरी जाईल? जाऊ दे. सत्य बोलून नोकरी गमावलेल्यांची यादी इतिहासात लांब आहे आणि चांगली आहे. मुद्दे काढायला बसलो. पुराव्यासाठी तिन्ही गोलांच्या चित्रफिती हव्यात.

३० ऑक्टोबर, इपाने

हे लिहायला बसलो आणि तीनदा उठलो.

आमच्या चित्रफिती नोएलिया सांभाळते. पंचवीस-सव्वीसची मुलगी, काँप्युटरसमोर बसून दिवसभर चिपा चघळते, फारसं बोलत नाही. मी म्हटलं, पोरी, ते तीन गोल लाव, प्रत्येक गोलाआधीचं अर्धं मिनिट.

"आवाजासकट लावू, मास्तर?"

"सकट लाव की."

तिने चिपा बाजूला ठेवला. "नक्की?"

पहिला गोल. इतुर्राचा आवाज: पुढे. माझा आवाज: पुढे. तिघेही निघाले. तिघेही! कातालिनो सगळ्यांत आधी निघाला होता. मग पुन्हा माझा आवाज, पहिल्यापेक्षा दुप्पट मोठा. कातालिनो, मागे! आणि त्याचा उचललेला पाय हवेतच वळला. नोएलियाने तिथे चित्र थांबवलं. त्यांचा आघाडीवाला ऑफसाइडमध्ये दोन पावलं आत उभा होता. तिने चित्र पुढे सरकवलं. कातालिनो मागे आला आणि तो आघाडीवाला नियमात बसला.

दुसरा. तसाच.

तिसरा. माटुरीनमध्ये तर इतुर्रा काही बोललाच नव्हता. फक्त मी.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"पहिल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. मी कप्तानाला दाखवलं होतं."

"मग? तो काय म्हणाला?"

"म्हणाला, प्रोफेंना दाखवताना आवाज बंद ठेव."

३१ ऑक्टोबर, कारापेगुआ

बसने गेलो. कातालिनो घरामागे कसावाचे कंद खणत होता, गुडघ्यापर्यंत लाल माती. मला पाहून त्याने कुदळ ठेवली, हात पुसले, खुर्ची आणली. स्वतः उभाच राहिला. मी बस म्हणेपर्यंत हा अजून बसत नाही.

"तू गप्प का राहिलास?"

"काय सांगणार होतो, मास्तर?"

"की हा म्हातारा बाकाजवळून घात करतोय!"

"तुम्ही घात कुठे केला? तुम्हाला वाटलं ते तुम्ही ओरडलात."

"मग ऐकायचं नव्हतं!"

तेव्हा तो चिडला. आवाज न चढवता चिडला. "तेवीस वर्षं झाली. शाळेच्या मैदानात तुम्ही हाक मारली की मागे यायचं, नाहीतर चार फेऱ्या. आता मैदानात चाळीस हजार लोक ओरडतात, त्यांतलं मला काहीच ऐकू येत नाही. तुमचा आवाज येतो. शब्द नंतर कळतो, मास्तर. आधी पाय वळतात."

त्याच्या बायकोने तेरेरे आणला. आम्ही दोघं आळीपाळीने पीत राहिलो. माझ्यापाशी शब्द नव्हते असं नाही, भरपूर होते. कुठलाच ठेवायला जागा सापडेना.

१ नोव्हेंबर

रेडिओला नकार कळवला. ते म्हणाले, दबाव आला का? मी म्हटलं हो. कोणाचा ते सांगितलं नाही.

३ नोव्हेंबर, इपाने

इतुर्रासमोर नोएलियाला चित्रफीत आवाजासकट लावायला सांगितली. नंतर मला जे बोलायचं होतं ते मी रात्रभर घोकलं होतं, इतिहासातल्या दोन दाखल्यांसह. प्रत्यक्षात एवढंच बोललो: "ती हाक माझी आहे. त्याचे पाय ठीक आहेत. मला काढा, त्याला घ्या."

त्याने तिसरा गोल पुन्हा लावायला सांगितला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"नाही."

"याचंच मला जास्त वाईट वाटतं," तो म्हणाला.

मग यादी काढून लांबट पोराचं नाव खोडलं. मी म्हटलं, मी वर लोकांत बसतो. तो म्हणाला, "नको. तुम्ही दिसला नाहीत तर तो नव्वद मिनिटं तुम्हाला शोधेल. बाकावर बसा. फक्त तोंड उघडू नका. निरोप द्यायला राखीव गोलरक्षकाला सांगतो."

११ नोव्हेंबर

आठ दिवस गप्प आहे. सरावात कातालिनो घड्याळासारखा हलतो. तिघं एका दोरीत बांधल्यासारखे पुढे येतात. पाहायला छान वाटतं, आणि ते छान वाटल्याचा मला राग येतो. माझं मत बदललेलं नाही. चार मागे, चार पुढे, दहा पावलं. पण आता ते मत मी कोणाला सांगायचं?

पोर्फिरिया म्हणते, घर इतकं शांत कधीच नव्हतं, तिला झोप येईनाशी झालीय.

१४ नोव्हेंबर, असुन्सिऑन

संपलं.

क्रमाने लिहितो. चाळीस अंश ऊन, मैदान खच्चून भरलेलं. मी बाकाच्या टोकाला, तोंडात रुमालाचा बोळा. गंमत नाही, खरोखरचा बोळा. पहिल्या अर्ध्यात कोलंबियाचे आघाडीवाले सात वेळा ऑफसाइड. मी मोजले. सात वेळा कातालिनोने हात वर केला आणि सात वेळा निशाण उठलं. बावन्नाव्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला आणि त्यावर गोल कोणी केला? कातालिनोने. एक उडी, एक डोकं. एक-शून्य. मी रुमाल काढला, रडलो, पुन्हा रुमाल घातला.

शेवटची पंधरा मिनिटं सगळे दमले होते. त्र्याऐंशीव्या मिनिटाला त्यांच्या मधल्या फळीतल्या खेळाडूने मान वर केली. लांब पास येणार. उजवा निघाला, डावा निघाला. आणि कातालिनो, मला वाटलं, थांबला. आता वाटतं की कदाचित तो निघण्याच्या बेतातच होता. तेव्हा मला तो थांबलेलाच दिसला. हा पोरगा अजून माझ्या हाकेची वाट पाहतोय, असं मनात आलं. रुमाल कधी पडला कळलं नाही.

मी ओरडलो, "कातालिनो, पुढे!"

पुढे! आयुष्यात पहिल्यांदा, त्या माणसाची पद्धत, त्या माणसाचा शब्द, माझ्या तोंडून, मनापासून!

आणि कातालिनोचा पाय मागे वळला.

एकच पाऊल. शब्द पोहोचला असावा, कारण लगेच तो पुढे झेपावला. पण चेंडू तोवर सुटला होता. निशाण खालीच राहिलं. एक-एक. उरलेली सात मिनिटं मी पाहिली नाहीत, बाकाखालच्या गवताकडे बघत बसलो.

एक-एकच राहिलं, वर्ल्ड कप गेला. कपडे बदलायच्या खोलीत आलो. कातालिनो बूट न काढता बसला होता. लांबट पोरगा भिंतीला तोंड करून उभा होता. इतुर्रा आत आला, कातालिनोसमोर खाली बसला आणि हळूच विचारलं, "काय झालं, कप्तान?"

कातालिनोने तोंड उघडलं. आता हा पुन्हा पायांचं नाव घेणार, हे मला सहन झालं नाही. मी उभा राहिलो. "पोरांनो, ऐका," मी म्हणालो, "हा गोल याचा नाही. सगळ्या देशासमोर मी सांगायला तयार आहे. दोष माझ्या एकट्याचा आहे. ज्या दिवशी मी..."

"मास्तर, बसा."

मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

"बसा," कातालिनो म्हणाला. "आणि आता गप्प राहा."

मी उभाच होतो. तो इतुर्राकडे वळला. "मास्तर पुढे म्हणाले होते, प्रोफे. मी ऐकलं. शब्दसुद्धा ऐकला. मी मागे गेलो. चौतीस वर्षांचा आहे मी, या संघाचा कप्तान आहे. ते पाऊल माझं होतं."

मग माझ्याकडे पाहून ग्वारानीत म्हणाला, बाकीच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "तेवढं तरी माझ्याकडे राहू द्या. सगळंच तुम्ही बोलून टाकू नका."

इतुर्राने मला विचारलं, "काय म्हणाला तो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्याचं वाक्य शब्दाला शब्द स्पॅनिशमध्ये सांगितलं, माझ्या पदरचं काही न घालता, आणि खाली बसलो.